नाव सोनूबाई, रांग दोन तास

अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या मराठी आईबापांच्या कपाळी तीन ठिकाणं लिहिलेलीच असतात: नायगारा, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आणि ऑरलँडोचं डिस्ने वर्ल्ड. पहिल्या दोन ठिकाणांवरून घरात भांडणं होत नाहीत. नायगारा पडतो, भरपूर पडतो, बघणारा भिजतो. देवी उभी असते, हातात मशाल असते. यात मतभेदाला जागाच कुठे आहे? ऑरलँडोचं तसं नाही. एकाच राईडमध्ये, एकाच बाकावर, मांडीला मांडी लावून बसलेली दोन सख्खी माणसं बाहेर येतात, तेव्हा एकाच्या तोंडी ‘जन्माचं सार्थक झालं’ असतं आणि दुसऱ्याच्या तोंडी ‘याच्यासाठी एवढा आटापिटा?’ पुढे ही माणसं मायदेशी परततात, जेट लॅग उतरतो, बॅगेतून आणलेले बदाम-पिस्ते संपतात. वाद तेवढा शिल्लक राहतो.

वास्तविक हा वाद कंपनीनेच एके काळी मिटवून टाकला होता. वॉल्ट डिस्नेचं पहिलं उद्यान कॅलिफोर्नियात ॲनहाइमला १७ जुलै १९५५ रोजी उघडलं, तेव्हा आत शिरायचे पैसे वेगळे आणि प्रत्येक राईडचे वेगळे होते. लवकरच तिकिटांची पुस्तकं निघाली. त्यांत ए, बी, सी अशी प्रतवारी होती, आणि १९५९ साली सगळ्यांच्या वर ‘ई’ येऊन बसली. कुठली राईड किती पाण्यात आहे ते तिकिटावरच छापलेलं. पुढे अमेरिकन बोलीत ‘ई तिकीट’ म्हणजे अव्वल दर्जाची चीज असा अर्थ रूढ झाला. १९८३ साली अंतराळात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री सॅली राईड (आडनावसुद्धा काय नशिबाने मिळावं!) हिने आपल्या उड्डाणाचं कौतुक ‘हे अगदी ई तिकीट होतं’ अशाच शब्दांत केलं. आता गंमत पाहा. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ नावाची, होडीत बसून गाणाऱ्या बाहुल्या बघायची राईडही त्याच ‘ई’ वर्गात होती. अवकाशयान आणि बाहुल्या एकाच इयत्तेत पास! १९८२ साली ही प्रतवारी बंद झाली, सगळ्या राईडचं मिळून एकच तिकीट झालं आणि निकाल लावायची जबाबदारी जनतेवर येऊन पडली. जनतेत आमचं कुटुंबही येतं, याचा विचार कंपनीने करायला हवा होता.

आमचा जथा असा होता. माझी ताई आणि दाजी. दाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, हयात साताऱ्याकडच्या धोम धरणाच्या कालव्यांवर गेली. वाहतं पाणी दिसलं की ते थांबून त्याचा वेग बघतात. दाजींची धाकटी बहीण शकूआत्या, दिलेली गुहागरकडे. भाचा निखिल, तो शार्लटला नोकरी करतो. नोकरी कसली ते ताईला अजून धड सांगता येत नाही, पण त्यात एक्सेल आहे. त्याची बायको मृण्मयी, पुण्याची. त्यांचा ओजस, वय पाच. आणि आम्ही दोघं.

मुक्काम किसिमीला भाड्याच्या घरात होता. पहिल्याच रात्री खिचडी खाता खाता निखिलने जाहीर केलं की, या वेळी मोघम बोलायचं नाही. प्रत्येकाने प्रत्येक राईडला दहापैकी मार्क द्यायचे. त्या मार्कांना रांगेत गेलेल्या मिनिटांनी भागायचं. जे उत्तर येईल ती त्या राईडची खरी किंमत. लॅपटॉपवर तक्ता तयार होताच.

“मिनिटांनी कशाला भागायचं?” दाजी म्हणाले. “माझ्याकडे मिनिटंच आहेत. पैशांनी भाग.”

पैशांनी भागायचं नाही, असं मृण्मयीने घाईघाईने सांगितलं. गर्दीच्या दिवसांत तिथलं एका दिवसाचं एका माणसाचं तिकीट दीडशे डॉलरच्या वर जातं. हा आकडा दाजींना कळू द्यायचा नाही, असं घरात ठरलेलं होतं. दाजींना तो विमानातच कळला होता, आणि आपल्याला कळलंय हे त्यांनी घरात कळू दिलं नव्हतं.

आता रांगेविषयी. लालबागच्या राजाला दोन रांगा असतात, एक नवसाची आणि एक मुखदर्शनाची, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. डिस्नेतही दोनच असतात. एक साधी, तिला स्टँडबाय म्हणतात. दुसरी लाइटनिंग लेन, तिचे वेगळे पैसे. १९९९ साली ही सोय फास्टपास या नावाने फुकट सुरू झाली होती. २०२१ साली फास्टपास गेला आणि त्याच्या जागी विकतची गल्ली आली. लालबागला मात्र नवसाची रांग जास्त वेळ घेते, इथे जास्त पैसे देणारा आधी आत जातो. शकूआत्याला हा फरक फार खटकला. “पायावर डोकं ठेवायचं तर पाय दुखायला नकोत का?” असं तिचं म्हणणं.

आत्या हे सहज बोलून गेली, पण माझ्या मते या सगळ्या भानगडीची किल्ली तिथेच आहे. राईडची ख्याती राईडमध्ये तयार होत नाही, ती रांगेत तयार होते. राईड असते तीन-चार मिनिटांची आणि रांग दोन तासांची. दोन तास उन्हात, मग पंख्याखाली, मग गारव्यात अशी टप्प्याटप्प्याने बढती मिळत आत पोचलेला माणूस बाहेर येऊन ‘काही खास नाही’ कसं म्हणेल? नवस फेडून आलेल्या माणसाने ‘देव ठीकठाक होता’ म्हटल्याचं कुणी ऐकलंय? जितका वेळ उभे राहिलो, तितकी राईड चांगली असणं आपल्यालाच भाग पडतं. ती वाईट निघाली तर मूर्ख आपण ठरतो. राईडचं काय जातंय?

कंपनीला हे आपल्याआधी कळलेलं आहे. डेव्हिड मेस्टर नावाच्या अभ्यासकाने १९८५ साली रांगेच्या मानसशास्त्रावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा मोठा वाटतो, हे त्यातलं एक सूत्र. म्हणून इथे रांग रिकामी ठेवत नाहीत. ॲनिमल किंगडममध्ये ‘अवतार’ सिनेमावर बेतलेली ‘फ्लाइट ऑफ पॅसेज’ नावाची राईड २०१७ पासून आहे. तिच्या रांगेत गुहा येतात, चकाकणारं जंगल येतं, मग प्रयोगशाळा येते आणि तिथे काचेच्या टाकीत एक अजस्र निळा देह झोपेत हातपाय हलवत तरंगत असतो. त्या टाकीसमोर आपण सरकत सरकत इतका वेळ काढतो की, त्या देहाशी थोडी घसट होते. फलकावर वाट बघायची नव्वद मिनिटं लिहिलेली असताना सत्तर मिनिटांत आत घेतलं, तर वीस मिनिटं नफा झाला असं वाटून माणूस हरखतो. सत्तर मिनिटं गेली, हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

एवढं बोलून वर सांगायची लाज वाटते, पण ती राईड खरोखर चांगली आहे. मोटरसायकलसारख्या आसनावर बसवतात, समोर अवाढव्य पडदा, आणि ज्या पक्ष्यावर आपण बसलोय त्याचा श्वास दोन्ही पोटऱ्यांना लागतो. पक्षी दमलेला असतो, आपण त्याच्यावर बसल्यामुळे दमलेला असतो, असं काहीतरी अपराधी वाटतं. मी नऊ मार्क दिले. माझा सगळा सिद्धान्त या एका राईडमुळे लंगडतो, म्हणून तिच्याविषयी अधिक लिहीत नाही.

त्याच उद्यानात ‘आनंदपूर’ आहे. हे आशियातलं काल्पनिक संस्थान. तिथे महाराजाच्या पडक्या वाड्यात वाघ राहतात, रंग उडालेल्या भिंती आहेत, त्यांवर फाटकी पोस्टरं आहेत, जुन्या सायकली भिंतीला टेकवलेल्या आहेत. हे सगळं नवं बांधून मग मुद्दाम जुनं केलेलं. भिंतीचा पोपडा नेमका कुठे निघावा, यावर तिथे कलावंतांनी डोकं लावलेलं आहे. एक अमेरिकन कुटुंब अशाच एका पोपड्यापुढे उभं राहून फोटो काढत होतं. ताई बाजूला झाली आणि मला हळूच म्हणाली, “आपल्या चाळीला दोन वर्षांपूर्वी रंग दिला, तो उगीच दिला.” दाजींनी भिंतीवर बोट फिरवून पाहिलं आणि ‘ओल नाही’ असा अभिप्राय दिला. पोपडा आहे आणि ओल नाही, याचा त्यांना शेवटपर्यंत उलगडा झाला नाही.

आनंदपुराच्या टोकाला एव्हरेस्ट आहे. म्हणजे ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’, २००६ सालची रोलर कोस्टर. फ्लोरिडा हे राज्य इतकं सपाट आहे की, तिथल्या सर्वांत उंच नैसर्गिक टेकाडाची उंची ३४५ फूट आहे. अशा ठिकाणी यांनी हिमालय केला आणि त्याची उंची ठेवली २०० फुटांना थोडी कमी, कारण २०० फूट झाले की विमानांसाठी वर लाल दिवा लावावा लागतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर लाल दिवा शोभला नसता. गाडी डोंगरात शिरते, वर जाते, तर पुढचे रूळ उखडलेले. यतीने उखडलेले. मग गाडी अंधारात उलटी येते, पुन्हा सुलटी होते, आणि शेवटच्या उताराला साक्षात यती अंगावर येतो.

येतो म्हणजे, यायचा. हा यती पंचवीस फुटांचा यांत्रिक राक्षस होता. प्रचंड ताकदीने हात फिरवून प्रवाशांवर झडप घालायची, असं त्याचं काम होतं. राईड उघडल्यानंतर थोड्याच काळात त्याच्या आधाराच्या रचनेवर ताण येऊ लागला आणि त्याचं हलणं बंद करण्यात आलं. डोंगर त्याच्याभोवती बांधलेला असल्यामुळे दुरुस्ती सोपी नव्हती. तेव्हा यतीला स्थिर उभा करून त्याच्यावर लुकलुकणारे झगझगीत दिवे सोडण्यात आले, जेणेकरून तो हलतोय असा भास व्हावा. तिथले भाविक त्याला ‘डिस्को यती’ म्हणतात. वर्षानुवर्षं लोक दूरदूरहून येतात, रांगेतलं यतीचं संग्रहालय बघतात, पावलांचे ठसे बघतात, इशारे वाचतात, आणि शेवटी एक सेकंद त्यांना उभ्या जागी दिवे खाणारा यती दिसतो.

आमच्यात यावरून उभी फूट पडली. निखिलचं म्हणणं, मुख्य यंत्रच बंद असेल तर तीनपेक्षा जास्त मार्क देता येत नाहीत. दाजींनी यतीची बाजू घेतली. मोठं काम करून ठेवलंय, उभं आहे, दुरुस्तीचा प्रस्ताव वर गेलेला असेल, मंजुरी यायला वेळ लागतो, तोवर दिवे लावून वेळ मारून नेली तर त्यात चूक काय? सरकारी खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला त्या यतीमध्ये एक सहकारी दिसला होता. त्यांनी आठ दिले. “हलत नाही, पण कामावर हजर आहे,” असा शेरा तक्त्यात लिहायला लावला.

मॅजिक किंगडममध्ये ‘स्पेस माउंटन’ आहे, १९७५ सालची, नावाजलेली. इथे मात्र फसवणूक कौतुकास्पद आहे. पांढऱ्या घुमटात मिट्ट काळोख, वर चांदण्या, आणि गाडी अशी काही वळते की, आपण प्रकाशाच्या वेगाने चाललोय असं वाटावं. माझी बायको सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच सुरात ओरडली. त्या रात्री निखिलने माहिती पुरवली की, या गाडीचा कमाल वेग ताशी जेमतेम ४५ किलोमीटर आहे. ती ऐकेचना.

“पंचेचाळीसला मी ओरडले?”

“हो मामी.”

“यांच्या स्कूटरवर मागे बसते तेव्हाही पंचेचाळीसच असतो. तेव्हा मी भाजीचा हिशोब करते.”

वेगाचा विषय निघाल्यावर मृण्मयीने पुण्याचा झेंडा उंचावला. तिच्या म्हणण्याप्रमाणे खोपोलीच्या इमॅजिकातली ‘नायट्रो’ ताशी शंभर किलोमीटरच्या वर जाते, स्पेस माउंटनच्या दुपटीहून जास्त, आणि तीही पायाखाली फळी नसताना. पासपोर्टवर शिक्का न मारता! शिवाय तिथल्या जलसफरीतला डायनासोर खरा आपला आहे. हे मला माहीत नव्हतं. राजासॉरस नर्मदेन्सिस ही जात गुजरातेत खेडा जिल्ह्यात सापडलेल्या हाडांवरून २००३ साली शास्त्रज्ञांनी नोंदवली, आणि इमॅजिकाने आपल्या राईडला त्याचंच नाव दिलं. नर्मदाकाठचा डायनासोर आहे म्हटल्यावर दाजींनी राईड न बघताच सात मार्क द्यायची तयारी दाखवली. निखिलने नियमावर बोट ठेवलं. आपल्याकडची राईड आपल्याला थोर वाटत नाही, याचं कारण तिथे कंपनीची सहल जाते आणि साहेब शेजारी बसतो, असं माझं मत आहे. साहेब शेजारी असताना मनमोकळं ओरडता येत नाही.

दाजींचा स्वतःचा आनंद वेगळाच होता. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मध्ये आणि ‘स्मॉल वर्ल्ड’मध्ये होड्या चालतात, त्या पाण्याने. बाकी लोक बाहुल्या बघत होते, दाजी खाली बघत होते. पाणी कुठून सोडलंय, उतार किती, वळणावर गाळ बसतो का, टेलला पुरेसं पाणी पोचतं का. टेलला पाणी पोचत होतं. धोमच्या कालव्यावर आयुष्यभर ज्या दृश्यासाठी त्यांनी आंदोलनं झेलली, ते त्यांना चाच्यांच्या राज्यात दिसलं. “एकही चारी कोरडी नाही,” ते म्हणाले, आणि डोळे पुसले. ताईने ते होडीच्या पाण्याचे शिंतोडे समजून रुमाल दिला.

चाच्यांवरून मात्र त्यांनी आक्षेप नोंदवला. ही राईड मूळची कॅलिफोर्नियातली, १९६७ सालची. फ्लोरिडातलं उद्यान १९७१ मध्ये उघडलं, तेव्हा तिथे ती बांधलीच नव्हती, कारण कॅरिबियन समुद्र शेजारी असताना इथल्या माणसाला चाच्यांचं काय अप्रूप, असा विचार. लोकांनी कुठंय कुठंय करून जीव खाल्ला, तेव्हा १९७३ मध्ये थोडी आखूड आवृत्ती काढली. दाजींचा मुद्दा असा, की इंग्रज कान्होजी आंग्र्यांनाही चाचेच म्हणत. तेव्हा या राईडमधले सगळेच चाचे असतील, हे इंग्रजांच्या सांगण्यावरून मान्य करू नये. त्यातला एखादा सरखेलही असू शकेल. दारूच्या पिंपाशेजारी डुकरांसोबत लोळणाऱ्या त्या पुतळ्याकडे बघून मला तसं वाटलं नाही, पण साताऱ्याच्या माणसाशी आंग्र्यांवरून वाद कोण घालील?

‘स्मॉल वर्ल्ड’बद्दल थोडक्यात. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी ती केलेली, युनिसेफसाठी. जगभरची मुलं एकच गाणं म्हणतात. ते सारखं, सारखं आणि सारखं म्हणतात. भारताच्या वाट्याला ताजमहाल आला आहे. बाकी ज्यांचं पुण्यात गणेशोत्सवातले हलते देखावे बघण्यात बालपण गेलंय, त्यांना यात काय नवं? मृण्मयीच्या मते, आपल्याकडच्या देखाव्यात मान हलवणारा अफझलखान जास्त जिवंत असतो. गाणं मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दाजींसकट सगळे गुणगुणत होते.

पण सगळ्यात मोठा खटका उडाला तो ‘हाँटेड मॅन्शन’वरून. हा भुतांचा वाडा. मूळ राईड १९६९ ची, रसिकांच्या यादीत बहुधा वरच असते. आत ९९९ भुतं राहतात आणि आणखी एकाची सोय आहे, असं तिथे सांगतात. बाहेर थडग्यांवर विनोदी ओळी. वाट बघायच्या वेळेच्या फलकावर पुष्कळदा मुद्दाम १३ मिनिटं. दोघादोघांना काळ्या डोलीत बसवतात आणि ती डोली आपल्याला वळवून वळवून नेमकं हवं तेच दाखवते. मोठ्या दिवाणखान्यात पारदर्शक भुतं जोडीजोडीने नाचतात. ही युक्ती जुनी, १८६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन हेन्री पेपरने गाजवलेली. मोठी काच उभी करायची, प्रेक्षकाला न दिसणाऱ्या जागी आकृतीवर उजेड पाडायचा, की काचेत तिचं प्रतिबिंब तरंगतं. इतकी साधी गोष्ट, पण अंगावर काटा येतो. मी आठ दिले. निखिलने नऊ. शकूआत्या गप्प.

“आत्या, मार्क?”

“चार.”

“का गं? घाबरली नाहीस?”

“घाबरायचं कशाला? ह्यांचं राहिलंय काय, ते तरी कळू दे.”

“कुणाचं?”

“भुतांचं. काही राहिल्याशिवाय माणूस मागे राहील का? मुंजाचं लग्न राहिलेलं असतं. बाळंतपणात गेलेलीचा जीव पोरात अडकलेला असतो. कुणाचा पुरलेल्या हंड्यात असतो. ही नऊशे नव्व्याण्णव नुसती नाचतायत. जेवतायत, नाचतायत, खुशाल आहेत. ह्यांना उतारा टाकायचा तर कशाचा टाकायचा?”

निखिलने बचाव केला. माळ्यावर एक नवरी आहे, तिची कथा आहे. तिने लागोपाठ पाच नवरे केले आणि कुऱ्हाडीने मारले.

“मग भूत नवऱ्यांनी व्हायचं,” आत्या म्हणाली. “ही का झाली? हिचं काय राहिलं? सहावा?”

यावर निखिलपाशी उत्तर नव्हतं. लाखो डॉलर खर्चून उभ्या केलेल्या वाड्याचा पाया गुहागरच्या एका बाईने दोन वाक्यांत उखडला होता. तिने चार मार्क दिले तेही एअर कंडिशनचे आणि बसायला मिळाल्याचे. आत्याची फूटपट्टी सुरुवातीपासून सरळ होती: बसायला मिळतं का, गार आहे का, आणि बाहेर आल्यावर जवळ मोरी आहे का. बाहेरचं खाणं आत न्यायला तिथे परवानगी असते, त्यामुळे तिच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. रांगेत टर्कीची तंगडी गदेसारखी धरून खाणाऱ्या लोकांच्या मधोमध ती शांतपणे दशमीचा तुकडा मोडत असे. तिच्यामुळे रांगेची मिनिटं आम्हाला कमी वाटली, हे मेस्टरच्या सूत्राला धरूनच झालं.

ओजसची फूटपट्टी मात्र खरोखरची फूटपट्टी होती. स्पेस माउंटन, एव्हरेस्ट आणि फ्लाइट ऑफ पॅसेज, तिन्हीकडे किमान उंची ४४ इंच. ओजस ४३. दारात एक हसतमुख पोरगी काठी धरून उभी असते, आणि तिच्या हसण्यात जराही तडजोड नसते. त्याने टाचा उचलल्या, केस वर केले, मोजे दुहेरी घातले. नाही म्हणजे नाही. रात्री मार्क द्यायची वेळ आली, तेव्हा त्याने या तिन्ही राईडना दहापैकी शंभर दिले आणि ज्यांत बसायला मिळालं त्या सगळ्यांना दोन-दोन. निखिल म्हणाला, न बघता मार्क देता येत नाहीत. मला मात्र त्या टेबलावरचा एकमेव निर्मळ परीक्षक तोच वाटला. आम्ही सगळे राईडला मार्क देत होतो, तो ख्यातीलाच देत होता.

शेवटच्या संध्याकाळी तक्ता पुरा झाला. वरच्या जागेसाठी फ्लाइट ऑफ पॅसेज आणि हाँटेड मॅन्शन यांच्यात चुरस लागेल, असा निखिलचा अंदाज होता. तेव्हा आत्याने विचारलं, “आणि माझी गाडी?”

तिची गाडी म्हणजे पीपलमूव्हर. मॅजिक किंगडममध्ये १९७५ पासून ही उघडी गाडी वरच्या मजल्याच्या उंचीवरून दहाएक मिनिटं हळूहळू फिरते. ती उडत नाही, पडत नाही, भिजवत नाही. गाडीत इंजिन नाही. रुळांत बसवलेल्या विद्युतचुंबकांच्या जोरावर ती सरकते, म्हणून दाजींनाही प्रिय. वाटेत ती चक्क स्पेस माउंटनच्या पोटातून जाते. त्या काळोखात आत्या निवांत बसून, दशमीचा शेवटचा घास चावत, वरून येणाऱ्या किंकाळ्यांत आमच्या सौभाग्यवतींचा आवाज कुठला ते ओळखत होती. ‘एवढ्याच पैशात दोन्ही बघितलं’ असं ती उतरताना म्हणाली होती.

निखिलने पीपलमूव्हर तक्त्यात घेतलेलीच नव्हती. ही काही नाव घ्यायची राईड नाही, तिच्यासाठी कुणी विमानाने येत नाही, असं तो म्हणत होता. पण दाजींनी नियमावर बोट ठेवलं. बसलो की नाही? मग घे. सगळ्यांनी मार्क दिले. सरासरी साडेसात आली. मग रांगेचा रकाना. आम्ही गेलो तेव्हा वर जाऊन थेट बसलो होतो, त्यामुळे निखिलने शून्य भरलं. पडद्यावरचं उत्तर गेलं आणि तिथे नुसतीच चूक दाखवणारी खूण आली.

“काय झालं रे?” ताईने विचारलं.

“शून्याने भागता येत नाही.”

“शून्याने भागलं की उत्तर अनंताकडे जातं,” दाजी म्हणाले.

“अनंत म्हणजे पहिला नंबरच ना?” शकूआत्या म्हणाली.

निखिलने रांगेच्या रकान्यात शून्याऐवजी एक मिनिट भरून बघितलं. तरीसुद्धा ती पहिलीच आली. मग त्याने लॅपटॉप मिटला आणि खिचडीला फोडणी द्यायला उठला.